गटार नाही, कारखाना नाही, तरी नदी बिघडते कशी? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चार-पाच मित्र हौसेने दर महिन्याला नदीचं पाणी तपासतो. वरच्या अंगाला रिपोर्ट छान येतो आणि पंधरा-वीस किलोमीटर खाली त्याच दिवशी नायट्रेट (पिकांना लागणारं, खतातलं नायट्रोजनचं संयुग) दुप्पट, पाणीही गढूळ. मधे एक कारखाना नाही की गटार नाही, आम्ही दोन्ही काठ चालून बघितलेत. किटच खराब आहे का?

उत्तर : किटला दोष देऊ नका, ते बहुतेक बरोबरच सांगतंय. तुम्ही काठाकाठाने पाईप शोधत फिरलात, पण नदीत जे पाणी दिसतं त्यातलं थेट पात्रात पडलेलं फारच थोडं असतं, बाकी सगळं कुठल्यातरी उतारावरून, शेतातून, रस्त्यावरून नाहीतर जमिनीच्या पोटातून फिरून आलेलं, आणि येताना वाटेत जे भेटलं ते थोडं थोडं सोबत घेऊनच येतं. म्हणजे बघायचा तो काठ नाही, आख्खं पाणलोट क्षेत्र.

त्यातही प्रत्येकाची यायची वाट वेगळी. फॉस्फरस, हाही खतातलाच, मातीच्या कणांना चिकटून बसतो, त्यामुळे जोराचा पाऊस झाला, उतारावरची उघडी माती सुटली की गाळाबरोबर तोही येतो, वर्षभरातला बराचसा माल चार-दोन मोठ्या पावसांतच वाहून जातो (आणि नेमकं त्या दिवशी सॅम्पल घ्यायला कोणी जात नाही!). नायट्रेटचं उलट आहे, ते पाण्यात पूर्ण विरघळतं, मातीत मुरतं, भूजलात उतरतं आणि तिथून सावकाश नदीत झिरपतं, कधी काही वर्षांनी तर कधी काही दशकांनी. त्यामुळे यंदा खत कमी टाकलं म्हणून पुढच्या वर्षी आकडा खाली येईलच असं नाही, लोक इथेच निराश होतात.

एक सोपी युक्ती सांगतो. सॅम्पल घेताना नदीला पाणी किती होतं तेही लिहून ठेवा. पाणी वाढल्यावर नायट्रेट कमी झालं तर कुठेतरी ठरावीक ठिकाणाहून काहीतरी सतत येतंय आणि जास्त पाण्यात ते पातळ होतंय. पाण्याबरोबर आकडाही वाढला तर ते जमिनीवरून धुऊन येतंय. आणि पाऊस नसतानाही आकडा चढाच राहिला, गटार खरंच नसेल, तर भूजलावर संशय घ्या. शेतातल्या खतावर आणि घरांच्या शोषखड्ड्यांवरही.

जमिनीवरचं झाडोरं गेलं तर काय होतं याचं एक उदाहरण अभ्यासकांच्या तोंडी कायम असतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक इथे 1965 च्या अखेरीस एका छोट्या ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं मुद्दाम तोडली, लाकूड तिथेच पडू दिलं, आणि पुढची काही वर्षं औषध मारून काही उगवूही दिलं नाही. ना खत, ना वस्ती. तरी ओढ्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं, पिण्याच्या पाण्याची तेव्हाची मर्यादाही ओलांडली! मातीत तयार होणारं नायट्रेट शोषायला मुळंच उरली नव्हती ना.

आणि हो, तुमच्या दोन ठिकाणांमधे खडक बदलतो का तेही बघा. चुनखडीतून येणारं पाणी जड आणि क्षारांचं असतं, ग्रॅनाइटवरून येणारं मऊ. नुसते क्षार वाढले म्हणून लगेच प्रदूषण म्हणून बोंब मारू नका.

प्रश्न : काठाने झाडांचा पट्टा लावला तर हे सगळं थांबेल का?

उत्तर : सगळं नाही, पण बरंच. पट्ट्यात गाळ अडतो, सावली पडते, आणि सावली ही किरकोळ गोष्ट नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात, म्हणजे पाणी तापलं की घाण तेवढीच असूनही मासे जास्त धापा टाकतात. ओलसर, चिखलाच्या काठावर अजून एक काम होतं, ऑक्सिजन नसलेल्या त्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. पाणथळ जागा बुजवू नका म्हणतात ते यासाठीच. पण शेताखालून निचऱ्याचे पाईप टाकले असतील तर पाणी झाडांच्या मुळांखालून सरळ नदीत, पट्टा वर नुसता शोभेला. माझं मत विचाराल तर मोठ्या नदीच्या काठी झाडं लावून फोटो काढण्याआधी वरच्या छोट्या ओढ्यांपासून सुरुवात करा, नदीच्या जाळ्याची सगळ्यात जास्त लांबी तिथेच असते.

प्रश्न : पाणी चहासारखं काळपट दिसतं. घाण आहे का?

उत्तर : असेलच असं नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ नेग्रो तर मुळातच काळी, रेताड जमिनीतून आणि कुजलेल्या पाल्यातून उतरलेला तो रंग, पाणी आम्लधर्मी आणि क्षार अगदी कमी. ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ तिला अँडीजचा गाळ घेऊन आलेली भुरकट सोलिमॉइस नदी भेटते आणि दोन्ही पाणी काही किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. तुमच्याकडे वरच्या अंगाला जंगल किंवा दलदल असेल तर रंग तिथलाच असू शकतो. वर नुसतं जंगल असूनही पाणी वास मारत असेल, फेस टिकून राहत असेल, तर मात्र सॅम्पल लॅबला द्या.