जुन्या जिप्सीचं इंजिन घरी खोलता येईल का? येईल, पण आधी मोजा

खोलताही येईल आणि परत जोडताही येईल. पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सोडवत नाही. तुम्ही लिहिलंय: १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी, सकाळी चालू करताना निळा धूर, आणि ‘गॅरेजवाले म्हणतात फुल इंजिन काम आहे, रिबोर आणि क्रँक ग्राइंडिंग धरूनच चला.’ रिबोर म्हणजे सिलिंडरचा बोअर, आतलं भोक, मोठा करणं; क्रँक ग्राइंडिंग म्हणजे क्रँकशाफ्ट घासून बारीक करणं. त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, किती मोजलं? ऑइल प्रेशर किती होतं? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे कुणी मोजलेलंच नसणार. नुसता आवाज ऐकून इंजिनाचा निकाल लावणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

मला हे लागतं, कारण माझ्या मामांची जीप याच वाक्याने संपली. कोल्हापूर–राधानगरी रस्त्यावर ती वडाप (शेअर प्रवासी गाडी) म्हणून चालायची. इंजिन उघडलं की बोअर वाढवायचा, क्रँक घासायचा, हा मिस्त्रींचा ठरलेला रिवाज. पहिला ओव्हरसाइझ, मग दुसरा, मग लायनर (बोअरमध्ये बसवायची नळी). बोअर खरोखर किती झिजलाय हे एकदाही कुणी मोजलं नाही. शेवटी शेवटी तर नवीन बेअरिंग टाकून गाडी रस्त्यावर आली की थोड्याच दिवसांत पुन्हा ठोका द्यायची. माझं ठाम मत आहे की ग्राइंडिंगचा कीस क्रँकच्या तेलाच्या भोकांतच राहत होता. मामांना ते आजही पटत नाही. ‘आरं, इंजान काय मोजून चालतंय व्हय? मिस्त्रीच्या हाताला कळतंय समदं,’ हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

माझी जिप्सी १९९७ ची. करूळ घाट उतरून वैभववाडीच्या बाजूला सपाटीला लागलो आणि ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा लोट. शिवाय गरम इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणायचा. गॅरेजमध्ये तुम्हाला सांगितलं तेच मलाही सांगितलं. मी शिरोली एमआयडीसीत तपासणी विभागात काम करतो, मोजल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही ही माझी रोजची भाकरी आहे. गाडी घरी आणली.

आधी कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. या १२९८ सीसी इंजिनाला १९९ पीएसआय हवं, १७० च्या खाली गेलं तर नापास, आणि दोन सिलिंडरमधला फरक १४ च्या वर नको. माझे चारही १८० च्या आसपास. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा. रिंगा किंवा बोअर झिजले असतील तर ऑइलने फट बुजते आणि आकडा चांगलाच चढतो. माझा जेमतेम हलला. म्हणजे तेल खालून वर येत नव्हतं, वरून आत उतरत होतं. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जबरदस्त वाढतो आणि कडक झालेल्या व्हॉल्व सीलमधून तेल आत ओढलं जातं. रात्रभर उभी गाडी सकाळी धूर सोडते तेही यामुळेच, व्हॉल्वच्या गाइडमधून (व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी) तेल झिरपून बसलेलं असतं. तुमचं लक्षण मला हेच वाटतं. ही सीलं पैशाच्या मानाने किरकोळ वस्तू आहे.

ऑइलच्या दिव्याचं मात्र वेगळं. दिव्यावर विसंबायचं नाही, स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावायचा. माझं गरम आयडलचं प्रेशर खरंच कमी होतं, म्हणून इंजिन खाली घ्यायचं ठरवलं. जिप्सीत ऑइल चेंबरच्या खालीच पुढचा ॲक्सल येतो, त्यामुळे गाडीत ठेवून खालून काम करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. लोखंडी पाइपची तिकाटी आणि चेन ब्लॉक. इंजिन लहान आहे, दोन माणसं पुरतात.

उघडल्यावर मोजमाप. प्रत्येक बोअर तीन उंचीवर, क्रँकच्या दिशेने आणि आडवा. या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर ७४ मिमी, टेपर (वर-खाली मापातला फरक) किंवा लंबगोलपणा ०.१० मिमीच्या वर गेला तरच रिबोर. माझा सर्वात वाईट ०.०४. रिबोर कशासाठी? क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरखाली घातले, तेही मापात. मग प्लास्टिगेज: मेणासारखा धागा कोरड्या जर्नलवर ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, कॅप काढून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी लावून वाचायचा. मेन बेअरिंगला ०.०२ ते ०.०४ मिमी फट हवी, ०.०६ च्या पुढे बदलायचं. मधल्या बेअरिंगला ०.०७ पेक्षा जास्त मिळाली. दोष बेअरिंगमध्ये, क्रँकमध्ये नव्हे. आणि मला सगळा क्रँक घासून अंडरसाइझ करायला सांगितला होता!

बेअरिंग घेताना एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. क्रँकच्या वेबवर (जर्नलांना जोडणाऱ्या सपाट भागावर) आकडे आणि ब्लॉकच्या खालच्या तोंडावर अक्षरं ठोकलेली असतात. त्या दोन्हींच्या जोडीवरून पाच वेगवेगळ्या जाडीच्या स्टँडर्ड बेअरिंगपैकी कुठली लागते ते मॅन्युअलच्या तक्त्यात बघायचं, ओळखायला कडेला रंग असतो. तारेच्या ब्रशने घाण काढली की अक्षरं स्पष्ट दिसतात. ‘स्टँडर्ड द्या’ एवढंच म्हणून आणू नका.

बेअरिंग आणि व्हॉल्व सीलं बदललीच. पिस्टन बाहेर आलेच होते म्हणून रिंगा नव्या घातल्या आणि हलकं होनिंग (बोअरला आतून बारीक खाचा पाडणं) शिवाजी उद्यमनगरात करून घेतलं. होनिंग, गाइड, हेडचं फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) ही कामं घरी करायची नाहीत, ती मशीनवाल्याचीच. हेड मात्र आधी सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासून न्या. ०.०५ मिमीच्या आत असेल तर फेसिंग करू देऊ नका.

ब्लॉक परत आला तेव्हा मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दुकानातून ‘धुऊन दिलाय’ असं सांगितलं होतं. दिसायलाही लख्ख. मी जुन्या धोतराचा पांढरा तुकडा ऑइलमध्ये बुडवून पहिल्या बोअरमधून फिरवला आणि मामांच्या हातात दिला. राखाडी. डिझेलने किंवा पेट्रोलने हा कीस निघत नाही, होनिंगच्या खाचांत आणखी खोल बसतो. कढत पाणी, कपडे धुवायची पावडर आणि बाटली घासायचा ब्रश, मग हवा, मग लगेच ऑइल, नाहीतर लायनरवर गंज धरतो. तेलाच्या वाहिन्याही तशाच. कापड पांढरं निघेपर्यंत हे करत राहिलो. मामा बराच वेळ ते पहिलं कापड बोटांत चोळत बसले. नंतर म्हणाले, ‘तुझं नशीब चांगलं, इंजान मुळातच बरं हुतं.’ मामा, तुमचंही पहिल्या वेळी बरंच असणार. मोजायला हवं होतं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून गेजवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा. माझं इंजिन जोडून झाल्यापासून आजतागायत दिवा मिणमिणलेला नाही, करूळ उतरल्यावर धूरही नाही.

तुम्ही हत्यारं विचारली होती. पाने-सॉकेट तुमच्याकडे असतीलच. टॉर्क रेंच स्वतःचा आणि चांगला घ्या. मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या मशीन शॉपमधून मागून आणा, वाचायला येत नसेल तर तिथल्याच माणसाला सोबत आणा. खर्च आधी ठरवता येत नाही, मोजल्यावर ठरतो.

काही गोष्टी राहिल्या. रोज कामावर जायला हीच एक गाडी असेल तर घरी उघडू नका. स्लॅबच्या हुकाला किंवा घराच्या तुळईला इंजिन टांगू नका. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. पेट्रोलची लाइन सोडाल तिथे दिवा, शेगडी काही नको. क्लच आणि जुन्या गॅस्केटची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि कुणी ‘दुसरा ब्लॉकच टाकून देतो’ म्हणालं तर इंजिन नंबर बदलतो, आरटीओत नोंद केल्याशिवाय त्यात पडू नका.

पण हे सगळं पुढचं. आधी कॉम्प्रेशन गेज आणा, चारही सिलिंडरचे कोरडे आणि ऑइल सोडून घेतलेले आकडे आणि गरम आयडलचं ऑइल प्रेशर इथे लिहा. त्याआधी गॅरेजला ॲडव्हान्स देऊ नका.