टाके छान बसले होते, मग आता रेघ लाल का?

प्रश्न: माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. गणपतीत माहेरी लालबागला गेलो होतो, तिथे पळता पळता टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटली आणि भुवईच्या वर फाटलं, चार टाके पडले. पाचव्या दिवशी टाके काढले तेव्हा बारीकशी रेघ होती, आम्ही खुश, पण आता दोन महिन्यांनी तीच रेघ लाल आणि फुगीर दिसतेय. सासूबाई म्हणतात रोज लिंबू चोळ, मुलीची जात आहे. काय करू?
– एक आई, भांडुप

उत्तर: ताई, ते लिंबू आधी सरबतात पिळा. मुलगा असता तर चोळलं असतं का, हा प्रश्न सासूबाईंना मी विचारत नाही, पण लिंबाने कातडी चुरचुरते आणि वर ऊन लागलं की डाग अजून काळा पडतो.

आणि व्रण बिघडलेला नाहीये. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून जखम पटकन मिटते, टाकेही लवकर काढतात नाहीतर त्यांचेच ठिपके उमटतात, पण वरून मिटलं तरी आत काम चालूच असतं, कोलाजेन, म्हणजे कातडी जोडणारे प्रथिनाचे धागे, घाईघाईत वेडेवाकडे भरले जातात, लहान मुलांत तर जरा जास्तच जोरात, त्यामुळे दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास खूण सगळ्यात वाईट दिसते, लाल, कडक, खाजणारी. नंतर ते धागे हळूहळू नीट लागतात आणि रेघ सपाट, फिकी होते. याला वर्ष-दीड वर्ष जातं.

तुमच्या हातात मुख्य म्हणजे ऊन टाळणं. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर आलेला काळपटपणा लालीपेक्षा चिवट. बागेत संध्याकाळीच न्या, दुपारी टोपी आणि एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, मुंबईच्या घामात ते ओघळतं म्हणून परत परत लावा. सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने. पट्टीही मिळते पण साडेतीन वर्षांची पोर ती अर्ध्या तासात उपटणार. रात्री ती झोपली की बोटाच्या टोकाने दोन मिनिटं हलका दाब देत मालीश करा. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावू नका, फायदा दिसलेला नाही, काहींना उलट पुरळ येतं.

व्रण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरायला लागला, भुवई ओढली जाऊ लागली किंवा घरात कुणाला केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा जाड व्रण, असेल तर मात्र थांबू नका, प्लास्टिक सर्जनला दाखवा. नुसत्या खुणेसाठी वर्षाच्या आत सहसा सर्जरी करत नाहीत.

पूर्ण पुसली जाईल का? नाही. माझ्या हनुवटीखाली चाळीच्या जिन्याची खूण आहे, ती आजवर फक्त न्हाव्याला दिसलीय.

दर एक तारखेला त्याच खिडकीशी फोटो काढा, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. आणि माहेरी त्या टीपॉयला रबरी कोपरे लावायला सांगा, पुढच्या गणपतीत परत जाणारच आहात.