दृष्टिभ्रम की दृष्टिभास?

‘ऑप्टिकल इल्यूजन’ला मराठीत दृष्टिभ्रम म्हणावं की दृष्टिभास, असा प्रश्न आला आहे.

रुळलेला शब्द दृष्टिभ्रमच. (दृष्टी एकटी असली की दीर्घ, समासात ऱ्हस्व. ‘दृग्भ्रम’ही बरोबर, ‘दृकभ्रम’ मात्र नको.) तरी मला दृष्टिभास जास्त नेमका वाटतो.

कागदावर सहा-सहा सेंटीमीटरच्या दोन आडव्या रेघा एकाखाली एक ओढा. वरचीच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं काढा, खालचीला तीच टोकं उलटी, बाहेर उघडणारी. खालची लांब दिसेल. पट्टी लावा, दोन्ही सहाच. पट्टी उचला, की खालची पुन्हा लांब! म्युलर-लायर या जर्मन अभ्यासकानं १८८९ साली ही आकृती मांडली.

आता भ्रमाचं काय होतं बघा. भ्रम फिटतो, दूर होतो, भ्रमाचा भोपळा फुटतो. अंधारात दोरीचा साप दिसला, दिवा आणला, साप गेला, तो भ्रम. आणखी एक गंमत: ‘मला आत्ता भ्रम झालेला आहे’ असं सहसा कुणी म्हणत नाही. भ्रम दुसऱ्याला असतो, नाहीतर आपल्याला पूर्वी होता. कळला की तो उरतच नाही. ‘रेघ लांब भासते’ असं मात्र पट्टी हातात धरूनही म्हणता येतं. खरं ठाऊक आहे आणि दिसतंय वेगळंच, ही अवस्था ‘भासणे’ या एका क्रियापदात मावते. मला हे फार मोलाचं वाटतं.

कोनांचंही तेच. झ्योल्नर या खगोलशास्त्रज्ञाला कापडावरच्या नक्षीत हे जाणवलं आणि १८६० साली त्यानं ते प्रसिद्ध केलं: समांतर रेघांवर आखूड तिरक्या रेघा मारल्या, शेजारच्या रेघेवर उलट दिशेनं तिरक्या, की त्या समांतर रेघा एकमेकींकडे कललेल्या भासतात. लघुकोन आहेत त्याहून मोठे भासतात, हे त्याचं एक स्पष्टीकरण. कारण कळलं तरी रेघा सरळ होत नाहीत.

भास शब्दाची एक अडचण खरी आहे. रात्री जिन्यात कुणी उभं असल्याचाही भासच होतो, म्हणजे मुळात नसलेली गोष्ट दिसते. नुसता ‘दृष्टिभास’ वाचून कुणाला तो अर्थ लागू शकतो. म्हणून लेखाच्या मथळ्यात ओळखीचा दृष्टिभ्रम ठेवा, आणि आकृतीचं वर्णन करताना रेघ लांब, आखूड, तिरकी ‘भासते’ असं लिहा.