सुभेदारांना विचारा : ‘आत्या, पप्पा कुठल्या लढाईत गेले?’

प्रश्न : काका, माझा थोरला भाऊ एएससीत, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर होता. 17 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीवर आला आणि विट्यात एका बँकेत गार्ड म्हणून लागला. बरीच नोकरी श्रीनगर–लेह रस्त्यावर झाली एवढंच आम्हाला माहीत, घरी तो त्यावर बोलायचा नाही. पहाटे मात्र टेंभूच्या कालव्याकडेनं गावातल्या भरतीच्या पोरांना पळवायचा. गेल्या वर्षी रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले. 38 वर्षांचा होता. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तरुण मंडळानं चौकात मोठा फ्लेक्स ठरवलाय, तिरंग्यावर दादाचा फोटो आणि मागं रणगाडे. कुस्त्यांचं मैदानही घ्यायचंय. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी बाहेर गेलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी पाठवलीय. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. भाचा सात वर्षांचा आहे. शाळेतली पोरं त्याला विचारतात आणि तो मला विचारतो, ‘आत्या, पप्पा कुठल्या लढाईत गेले?’ वहिनी गप्पच असते. त्याला काय सांगू? सभेत काय बोलू?
– एक बहीण, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : पोरी, आधी भाच्याचं बघू, फ्लेक्सचं नंतर.

त्याला खरं सांग. पप्पा लढाईत गेले नाहीत, घरी गेले, त्यांच्या हृदयाला आजार होता आणि तो कुणाला कळला नाही. ‘झोपेत गेले’ एवढंच सांगून सोडू नकोस, नाहीतर ते लेकरू रात्री डोळे मिटायला घाबरेल. आणि शाळेत मान मिळावा म्हणून एखादी लढाई रचून तर अजिबात सांगू नका. उद्या तो मोठा होईल, बापाचं डिस्चार्ज बुक उघडेल, तारखा जुळवेल. मग तुम्ही सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

त्याच्यापुढं सांगायला खरं भरपूर आहे, ते तुम्हाला माहीत नाही इतकंच. श्रीनगर ते लेह हा सुमारे 430 किलोमीटरचा रस्ता. सोनमर्ग सोडलं की जोजिला ही खिंड लागते, साडेअकरा हजार फुटांवर. पोराला सांग, महाबळेश्वरच्या डोक्यावर आणखी दीड महाबळेश्वर ठेवलं तर जेवढं होईल तेवढं उंच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला बालटालची दरी. त्याच वाटेवर पुढं ‘फोटू ला’ ही खिंड लागते, ती 13 हजार फुटांच्या वर. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत लडाखमधल्या सगळ्या फौजेचा हिवाळाभराचा शिधा, रॉकेल, डिझेल वर पोचवावं लागतं. हे काम एएससीचं, म्हणजे तुझ्या दादाचं. अंधारात कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, सुटतो, बर्फ असेल तर टायरला साखळ्या बांधायच्या आणि पुढच्या गाडीचा मागचा दिवा धरून चालायचं.

मी पायदळातला, मराठा लाइट इन्फंट्रीचा. द्रासच्या पुढं एका चौकीवर होतो तेव्हा या गाड्यांची वाट बघण्यात आमचे दिवस जायचे. रसद अडली की आधी कांदा संपायचा, मग बटाटा, मग माणसांचे स्वभाव. गाडी आली की शिध्याबरोबर टपालाची थैली यायची. एक तामिळी ड्रायव्हर होता. काचेवर बर्फ धरला की खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकायचा, खाली उतरला की भुवया पांढऱ्या झालेल्या. पोती उतरवायला तोच आमच्याआधी हात लावायचा. त्याचं नावही मला आठवत नाही, पण त्याच्या जिवावर आम्ही जेवलो. असा माणूस ‘कुठल्या लढाईत होता’ असं कुणी विचारलं तर माझ्यासारखा पायदळातला म्हणेल, आमच्या सगळ्या पहाऱ्यात होता.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण पडले. त्यांचा स्तंभ गावात आहे, बाहेरचे लोक येऊन बघतात. त्याच युद्धातून परत आलेले, शेती केलेले, तापानं किंवा वयानं गेलेले, त्यांना स्तंभ नसतो. त्यांचं घरच्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच राहतं. तुझा दादा या दुसऱ्या रांगेतला. म्हणून तुमच्यावर काम जास्त आहे.

त्याची काळी ट्रंक अजून ठेवली असेल तर वहिनींना विचारून उघडा, एकट्यानं नको. डिस्चार्ज बुकात नोकरीचा काळ, ट्रेड, मेडलं लिहिलेली असतात. मेडल हातात घेऊन कडेवर बघा. सरकारी मेडलावर नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. परेडला लावायला बाजारातून घेतलेल्या जोडावर ते नसतं. पोराला ते नाव बोटानं वाचू दे.

आता मंडळ. पोरांच्या मनात प्रेम आहे, त्यांना फटकारू नकोस, पण दोन गोष्टी ठामपणे सांग. तिरंग्यावर फोटो किंवा अक्षरं छापणं ध्वजसंहितेत बसत नाही, तो बेत रद्द. आणि फ्लेक्सवाल्याला रणगाडे काढायला लावा. या लोकांना फौजी म्हटलं की डोक्यावर गडद तांबडी (मरून) बेरी टोपी आणि हातात रायफल एवढंच माहीत असतं. ती टोपी पॅराची, म्हणजे छत्रीधारी सैनिकांची, एएससीची नव्हे. चौकातून जाणारा पहिला माजी सैनिक ते बघून हसेल, आणि ते हसणं वहिनींच्या कानावर जाईल. दादाचा गाडीपाशी उभा असलेला एखादा फोटो शोधा आणि खाली ब्रीद लिहा, ‘सेवा अस्माकं धर्मः’. एएससीचं आहे, त्याचं स्वतःचं आहे.

कुस्त्यांना माझी ना नाही, सांगलीकडं मैदानाशिवाय कुणाची आठवण पुरी होत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण वर्गणी बरी जमली असेल तर त्यातून भरतीच्या पोरांना पुलअप्स काढायला लोखंडी बीम रोवून घ्या, आणि ग्रामपंचायतीची लेखी परवानगी काढून गावच्या मैदानावर 400 मीटरचा ट्रॅक फक्कीनं आखून घ्या. सोळाशे मीटरला चार फेऱ्या, हिशेब सोपा. कालव्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून पळण्यापेक्षा बरं.

सभेत तू लढाई, बलिदान, मायभूमी यात शिरू नकोस. ते आमदारांचे कार्यकर्ते बोलतील. तू त्याच्या हाताखाली पळालेल्या एका पोराला आधी गाठ. दादा शिट्टी कशी मारायचा, उशिरा आलेल्याला काय शिक्षा द्यायचा, भरतीत नापास झालेल्याच्या घरी जायचा का, हे विचार आणि तेच सांग. पाच मिनिटं पुरतात. रडू आलं तर कागद त्या पोराच्या हातात दे.

तू विचारलं नाहीस, तरी कागदपत्रांचं सांगतो. वहिनींची फॅमिली पेन्शन ‘स्पर्श’वर, म्हणजे फौजेच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर, सुरू झाली का? पेन्शनर गेल्यावर पहिली सात वर्षं ती वाढीव दरानं मिळते, पासबुक बघून खात्री करा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा एक्सटेंडेड विमा त्यानं घेतला होता का, ते डिस्चार्जच्या कागदांत शोधा. पुष्कळ घरांत हा क्लेम कुणी केलेलाच नसतो. अडलं तर सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, वहिनींना सोबत ने. आणि तू स्वतः तपासून घे. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला की बाकीच्या भावंडांचाही धोका वाढतो. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, आणि डॉक्टरांना दादाचं सगळं सांग.

शेवटचं काम वर्षश्राद्धाच्या आधी कर. दादाचा फोन अजून चालू असेल तर त्यात युनिटच्या पोरांचा ग्रुप असणार. त्यांना लिही, त्याच्या मुलासाठी एकेक आठवण आवाजात पाठवा. टाइप करून नको, आवाजातच. मराठी येत नसेल तर हिंदीत बोला म्हणावं, पोराला समजेल.