घरकाम करणारीला पेन्शन?

प्रश्न : वय ३५. चार घरची धुणीभांडी करून महिन्याला नऊ हजार मिळतात, तेही रोख. म्हातारपणासाठी काय करू?

उत्तर : ताई, चाळिशीच्या आत आहात तोवर बँकेत किंवा पोस्टात बचत खातं काढून अटल पेन्शन योजना घ्या. तुमच्या वयाला दरमहा १८१ रुपये भरले, तर साठीनंतर महिना १,००० रुपये मिळतात. ३६२ भरले तर २,०००. पंचवीस वर्षांनी हजाराला कितीसं मोल उरणार, हे खरंच. पण झेपेल तेवढ्यावर सुरुवात करा. वर्षातून एकदा रक्कम वाढवता येते. बहुतेकींचं घोडं अडतं ते हप्ता कापण्याच्या तारखेला. खात्यात शिल्लक नसली की हप्ता चुकतो, वर दंड. म्हणून रोख पगार हाती आला की आधी हप्त्यापुरते पैसे खात्यात भरा, किराणा नंतर.