क्रूझवर घरून वाईन नेता येते का?

जालन्याहून सिंगापूरला जाऊन रॉयल कॅरिबियनची क्रूझ घेणार, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नाशिकची वाईन सोबत हवी, असं तुम्ही विचारलंय. नेता येते, खुशाल न्या.

या कंपनीत दारू पिण्याच्या कायदेशीर वयाच्या प्रत्येक प्रवाशाला वाईनची 750 मिलीची एक सीलबंद बाटली चालते, तीही फक्त जहाजावर चढण्याच्या दिवशी. म्हणजे तुम्हा दोघांच्या दोन. बिअर, व्हिस्की, रम अजिबात नाही. केबिनमध्ये प्यायलात तर पैसे लागत नाहीत. डायनिंग हॉलमध्ये उघडली की कॉर्केज, म्हणजे स्वतःची बाटली तिथे उघडण्याचं शुल्क, लागतं. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीतही माणशी एकच बाटली, पण वयाची अट 21 ची.

खरी कसरत वाटेत आहे. संभाजीनगरहून मुंबई आणि पुढे सिंगापूर, दोन्ही विमानांत बाटली चेक-इन बॅगेतच टाका, कारण आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी बाटली सोडत नाहीत. जाड टॉवेलात गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. जहाजावर मात्र नेमकं उलटं करायचं: बंदरावर हमालाकडे बॅग देण्याआधी बाटली काढून हातातल्या बॅगेत घ्या. मोठं सामान स्कॅन होतं, त्यात बाटली दिसली की बॅग अडकते आणि पहिल्याच संध्याकाळी साडी-कोट त्यातच राहतात. हे फार जण विसरतात.

मधल्या बंदरावर घेतलेली बाटली जहाजवाले ठेवून घेतात, ती शेवटी परत मिळते. आणि घरून निघताना दारूचा परवाना जवळ असू द्या, महाराष्ट्रात तो लागतो.