परदेशात ऑर्डर पाठवताना कुरियरवाला ‘गिफ्ट लिहा’ म्हणतो. लिहावं का? कस्टम्सचे नियम नेमके काय आहेत?

तुमचा प्रश्न असा: चिंचवडला घरूनच खणाच्या पर्सा आणि ऑक्सिडाइज्ड दागिने बनवून इन्स्टाग्रामवर विकता. आता अमेरिका आणि लंडनहून ऑर्डरी यायला लागल्यात. गल्लीतला कुरियर एजंट म्हणतो, ‘ताई, गिफ्ट लिहा, किंमत कमी टाका, काही होत नाही.’ आणि न्यू जर्सीच्या एका बाईंनी ड्युटी भरायला नकार दिल्यामुळे त्यांचं पार्सल तिकडेच पडून आहे. शेवटी दिवाळीच्या फराळाचंही विचारलंय.

मी अंधेरीत एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणाऱ्या एजंटकडे, कुरियर एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो, त्यामुळे ‘काही होत नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. एजंटचं खरंच काही होत नाही. त्याचे पैसे पार्सल उचलतानाच मिळालेले असतात. फॉर्मवर नाव आणि सही तुमची असते.

गिफ्ट म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला पैसे न घेता पाठवलेली वस्तू. विकलेली पर्स गिफ्ट होत नाही, मग ती कुणी कुणाला वाढदिवसाला देणार असो. हे कळायला कस्टम्सच्या माणसाला फार डोकं लागत नाही. मी बघितलेलं एक पार्सल सांगतो. बाहेर ‘गिफ्ट, १० डॉलर’ लिहिलेलं. आत चार कानातले जोड, प्रत्येकावर किमतीचं लेबल, दुकानाच्या नावाचं थँक्यू कार्ड आणि ‘पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट’ असं कूपन. आता यावर काय बोलणार!

पण पकडलं जाण्याची भीती हे मुख्य कारण नाही. मुख्य कारण तुमच्या हिशेबात आहे. कुरियरने माल जातो तेव्हा त्याचं कुरियर शिपिंग बिल, म्हणजे सीएसबी, बनतं. गिफ्ट आणि सॅम्पल सीएसबी फोरवर जातात, विक्रीचा माल सीएसबी फाइव्हवर. फाइव्हची किमतीची मर्यादा २०२३ च्या परराष्ट्र व्यापार धोरणात एका पार्सलला ५ लाखांवरून १० लाख रुपये झाली होती, म्हणजे तुमच्यासारख्यांना ती अडचणच नव्हती. फोरवर माल गेला की कागदोपत्री विक्री झालेलीच नसते. इकडे बँकेत मात्र परदेशातून पैसे येत राहतात. जीएसटी रिटर्नमध्ये निर्यात दाखवायला शिपिंग बिलाचा नंबर आणि तारीख लागते, ती तुमच्याकडे नसते. उद्या कुणी विचारलं की हे पैसे कशाचे आणि या मालावर कर का भरला नाही, तर दाखवायला हातात काय? निर्यातीवर कर लागत नाही हे खरं, पण निर्यात झाली हे सिद्ध करता आलं तरच.

म्हणून सुरुवातीला एकदाच चार कागद करून घ्या. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटी या परराष्ट्र व्यापाराच्या सरकारी खात्याच्या साइटवर पॅनवर मिळतो, फी ५०० रुपये. यासाठी एजंटला हजारो रुपये देणारे लोक बघून वाईट वाटतं. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये साइटवर जाऊन माहिती कायम करायची असते, काही बदल नसला तरी. नाहीतर कोड बंद पडतो आणि ते नेमकं पार्सल निघायच्या दिवशी कळतं. दुसरा कागद जीएसटी नोंदणीचा. ‘माझी उलाढाल ४० लाखांच्या आत आहे’ हा युक्तिवाद इथे धरू नका, कारण निर्यात आंतरराज्य पुरवठ्यात मोजली जाते. तुमच्या सीएशी बोलून नोंदणी घ्या. तिसरा एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, तो जीएसटी पोर्टलवर फुकट भरता येतो, एका आर्थिक वर्षापुरता चालतो आणि त्यामुळे आयजीएसटी (आंतरराज्य पुरवठ्यावरचा जीएसटी) आधी न भरता माल पाठवता येतो. १ एप्रिलनंतर नवा भरायचा, हे बरेच जण विसरतात.

चौथा एडी कोड, आणि घोडं इथेच अडतं. परकीय चलनाचा व्यवहार करायला परवाना असलेली बँक हा कोड देते. तुमचं चालू खातं एखाद्या छोट्या अर्बन बँकेत किंवा पतसंस्थेत असेल तर बहुतेक तिथे तो मिळणार नाही, मोठ्या बँकेत खातं काढावं लागेल. मोठ्या बँकेच्या छोट्या शाखेतही ‘एडी कोड’ म्हटल्यावर समोरचा गोंधळतो. तिथे वाद घालू नका, फॉरेक्सचं काम कुठल्या शाखेत होतं ते विचारून थेट तिकडे अर्ज द्या.

पोस्टानेही विक्रीचा माल रीतसर पाठवता येतो. टपाल खात्याची डाक घर निर्यात केंद्रं आहेत, तिथे पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट ऑनलाइन भरून पार्सल देता येतं. बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात स्वतः खेटे घालण्याचे दिवस गेले. हलक्या, कमी किमतीच्या मालाला मी पोस्टच सुचवतो.

आता फॉर्मवरची ती एक ओळ. लोक कागद गोळा करण्यात जीव काढतात आणि वर्णनात ‘बॅग, २ नग’ लिहून मोकळे होतात. पार्सल अडकतं ते बहुतेक इथे. लिहायचं असं: ‘महिलांची हँडबॅग, बाहेरून सुती विणलेलं कापड, आत पॉलिस्टरचं अस्तर, भारतात बनवलेली, २ नग, प्रत्येकी इतके डॉलर.’ अर्थात इंग्रजीत, पण इतकं स्पष्ट. वस्तू काय, कशाची, कुठली, किती, कितीला. त्याच्यासोबत एचएस कोड, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा क्रमांक. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले लावतो. कापडी बाहेरच्या हँडबॅगला ४२०२.२२. पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना ७११७.१९, वर चांदीचा मुलामा असला तरीही. मात्र खऱ्या चांदीचा दागिना ७११३ मध्ये जातो आणि त्याचं सगळंच वेगळं. त्यामुळे इन्स्टावर ‘सिल्व्हर झुमके’ म्हणून विकता ते इन्व्हॉइसवर तसंच टाकू नका. स्टोल आणि ओढण्या ६२१४. अमेरिकेला पाठवताना वस्तूवरच ‘मेड इन इंडिया’ दिसलं पाहिजे, पर्सच्या आत छोटी शिवलेली पट्टी पुरते.

किंमत म्हणजे गिऱ्हाइकाने खरोखर मोजलेली किंमत. कमी टाकायचा मोह होतो, पण पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच आकड्यावर मिळणार.

न्यू जर्सीच्या बाईंकडे वळू. त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नव्हतं, त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकाला सवयच नाही की दारात कुणी पैसे मागेल. ती सवलत चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी २ मे २०२५ ला गेली आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी. त्याच आठवड्यात भारतीय मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर पोचला. टपाल खात्याने तर अमेरिकेचं पार्सल बुकिंगच थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला सुरू झालं तेव्हा शुल्क इथेच बुकिंगच्या वेळी भरून घेण्याची सोय करूनच. दर नंतरही बदलत राहिलेत, तेव्हा कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका, बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. ‘पुन्हा ८०० डॉलर सुरू होतील’ या आशेवरही किमती ठरवू नका. जुलै २०२७ पासून ती सवलत कायद्यातूनच काढण्याची तरतूद अमेरिकेने करून ठेवली आहे. खऱ्या गिफ्टला १०० डॉलरपर्यंत सूट आहे, आणि एजंट तुम्हाला ज्या खड्ड्यात ढकलतोय तो हाच.

यावर माझा उपाय एकच: अमेरिकेला डीडीपीने पाठवा, म्हणजे शुल्क तुम्ही भरायचं आणि ते किमतीत आधीच धरायचं. ४० डॉलरची पर्स ५५ ला दिसली तर दोन गिऱ्हाइकं कमी होतील, पण उरलेलं एकही दारातून पार्सल परत पाठवणार नाही. डीडीपी जमत नसेल तर ऑर्डर घेण्याआधीच व्हॉट्सॲपवर लिहून सांगा की तिकडचं शुल्क वेगळं पडेल आणि ते तुम्हाला द्यावं लागेल. त्यांचं ‘ओके’ आलं की मगच कापड कापायला घ्या.

सध्या अडकलेल्या पार्सलचं काय? एकतर शुल्काचे पैसे तुम्ही त्या बाईंना परत देऊन ते सोडवून घ्या, नाहीतर परत बोलवा, नाहीतर पाणी सोडा. परत बोलवलं तर येतानाचं भाडं तुमच्या माथी बसतं आणि इथे ते आयात म्हणून येतं. तोच माल तीन वर्षांच्या आत परत आला हे दाखवता आलं तर पूर्ण आयात शुल्क लागत नाही. ते दाखवायला जातानाचं शिपिंग बिल आणि वर्णन जुळावं लागतं, आणि ‘गिफ्ट, बॅग’ कशाशीच जुळत नाही. पर्स हजार-दीड हजाराची असेल तर मी तिथल्या तिथे सोडवून घ्यायला सांगेन.

लंडनचं गणित वेगळं आहे. तिथे १३५ पौंडांपर्यंत कस्टम ड्युटी नाही, पण २० टक्के व्हॅट आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून तो विक्रीच्या वेळीच घ्यायचा असा नियम आहे. म्हणजे ४० पौंडांच्या स्टोलवर ८ पौंड. एट्सीसारख्या बाजारपेठेवर विकलं तर तीच कंपनी तो घेते आणि भरते. थेट इन्स्टावर विकलं तर ब्रिटनची व्हॅट नोंदणी तुम्ही करायची, आणि बाहेरच्या विक्रेत्याला तिथे किमान उलाढालीची सूट नाही. महिन्याला पाच-सात ऑर्डरींसाठी हे डोक्याला ताप आहे. ब्रिटनच्या गिऱ्हाइकांना सरळ एट्सीची लिंक द्या, कमिशन गेलं तरी चालेल.

युरोपला सध्या जाऊच नका असं मी म्हणेन. २२ युरोंची जुनी व्हॅट माफी १ जुलै २०२१ ला संपली, थेट विकताना व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा तर आयओएसएस ही युरोपची व्हॅट नोंदणी हवी आणि ती घ्यायला तिकडचा मध्यस्थ नेमावा लागतो. शिवाय १३ डिसेंबर २०२४ पासून उत्पादन सुरक्षेच्या नियमाखाली युरोपातला एक जबाबदार माणूस किंवा संस्था नावपत्त्यानिशी दाखवावी लागते. आणि तुमच्या दागिन्यांना खरा धोका धातूचा आहे. तिथे दागिन्यात शिसं वजनाच्या ०.०५ टक्क्यांच्या आत आणि कॅडमियम ०.०१ टक्क्यांच्या आत लागतं, अंगाला लागणाऱ्या भागातून निकेल किती सुटतं यावरही मर्यादा आहे. तुम्ही घाऊक बाजारातून साचे आणि पदकं आणत असाल तर त्यात काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एकदा नमुना लॅबला देऊन बघा, युरोपला विकायचं नसलं तरी. कानात घालायची वस्तू आहे.

राहिला फराळ. तुम्ही घरी केलेल्या चकल्या अमेरिकेतल्या भाचीला पाठवल्या, पैसे घेतले नाहीत, तर ते खरंच गिफ्ट आहे आणि अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याची, म्हणजे एफडीएची, प्रायर नोटिसही (माल येण्याआधी द्यायची सूचना) त्याला लागत नाही. तोच डबा विकलात की चित्र पालटतं. इकडे एफएसएसएआयची, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी, तिकडे प्रत्येक पार्सलची प्रायर नोटिस, आणि कारखान्यात बनवून घेत असाल तर त्या कारखान्याची एफडीएकडे नोंदणी. खव्याचे पेढे आणि बर्फी ब्रिटनला किंवा युरोपला भेट म्हणूनही पाठवू नका, दुधाचे पदार्थ ते टपालात येऊ देत नाहीत आणि सापडले की नष्ट करतात. चिवडा, शेव, शंकरपाळी यांची कटकट कमी, पण पाकिटावर घटक इंग्रजीत लिहिलेले हवेत, आणि शेंगदाणे असतील तर ते ठळक. दिवाळीच्या आधी सगळ्यांचीच पार्सलं एकदम निघतात, त्यामुळे डबे दसऱ्यालाच हलवा.